पॅराफिन ब्लॉकमधून टीपी५३: बँड का येत नाही आणि आला तर त्यावर किती विश्वास ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात विद्यापीठात पीएच.डी.चे काम सुरू आहे. तोंडाच्या कर्करोगाचे तीस पॅराफिन ब्लॉक (फॉर्मेलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेले ऊतीचे तुकडे) मिळाले आहेत, पाच ते आठ वर्षे जुने. त्यांतून डीएनए काढून टीपी५३ या गाठ रोखणाऱ्या जनुकाचे ५ ते ८ हे एक्सॉन (प्रथिनाचा मजकूर असलेले भाग) सँगर पद्धतीने, म्हणजे बेस-बेस करून, वाचायचे आणि म्युटेशनचा (डीएनएतल्या बदलाचा) खर्र्याशी (तंबाखू-सुपारी-चुन्याच्या मिश्रणाशी) संबंध दाखवायचा, असा आराखडा आहे. नॅनोड्रॉप या मोजणीच्या यंत्रावर डीएनए भरपूर दिसतो, पण पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याच्या पद्धतीने) जेलवर बँड, म्हणजे त्या प्रतींचा पट्टा, येत नाही. ज्या दोन-तीन नमुन्यांत आला, त्या प्रत्येकात वेगळेच म्युटेशन दिसले. किट बदलावे का?

किट बदलून फारसा फरक पडणार नाही. अडचण बहुतेक किटच्या आधीची आहे, म्हणजे ब्लॉक कसा तयार झाला त्यात. आणि दुसरी अडचण, जी अजून तुम्हाला जाणवलेली दिसत नाही, ती आराखड्यात आहे: तीस नमुने आणि एक जनुक यांतून खर्र्याबद्दलचा दावा निघणार नाही. आधी ब्लॉककडे बघू.

ब्लॉकचे वय पाच वर्षे की आठ, याने जितके बिघडते त्यापेक्षा कितीतरी जास्त पहिल्या दोन दिवसांत बिघडलेले असते. १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये २४ ते ४८ तास ठेवलेला ऊतीचा तुकडा चांगला. बफर नसलेले फॉर्मेलिन साठवणीत हळूहळू फॉर्मिक आम्ल बनवते आणि आम्लात डीएनएचे तुकडे पडतात. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे स्लाइडवर रक्ताच्या जागी तपकिरी-काळे फॉर्मेलिन पिगमेंट दिसते. ते दिसले की त्या ब्लॉककडून मोठ्या अपेक्षा ठेवू नका. जबड्यासकट काढलेला मोठा नमुना न चिरता फॉर्मेलिनमध्ये टाकून शनिवार-रविवार गेला, तर फॉर्मेलिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरते, तोवर मधला भाग स्वतःच्याच एन्झाइमने सडायला लागलेला असतो.

तोंडाच्या कर्करोगात एक खास खोडा आहे, तो स्तन किंवा आतड्याच्या कामात सहसा येत नाही. गाल-हिरडीची गाठ हाडाला लागलेली असते, म्हणून हाडासकटचा तुकडा आम्लात मऊ करतात. नायट्रिक किंवा फॉर्मिक आम्लात डीकॅल्सिफाय केलेल्या ब्लॉकमधून सीक्वेन्सिंगलायक डीएनए मिळण्याची आशा सोडाच. ईडीटीएने केले असेल तर चालते, पण ते आठवडे घेते म्हणून क्वचितच केले जाते. ग्रॉसिंगच्या (नमुना चिरून तुकडे निवडतानाच्या) नोंदी मागवा आणि प्रत्येक रुग्णाचे सगळे ब्लॉक बघा. एकाच रुग्णाचे श्लेष्मल कडेचे ब्लॉक आणि हाडाचे ब्लॉक वेगळे असतात. नोंदीत ‘डीकॅल’ लिहिलेले असेल तो बाजूला ठेवा. तुमच्या तीसपैकी असे किती आहेत हे पाहिल्यावर निम्मे कोडे सुटेल असा माझा अंदाज आहे.

मग गाठीचे प्रमाण. सँगर पद्धतीला मिश्रणातला बदललेला अलील (जनुकाची बदललेली प्रत) साधारण १५ ते २०% असल्याशिवाय दिसत नाही. नमुन्यात ६०% पेशी गाठीच्या असतील आणि दोनपैकी एका प्रतीत म्युटेशन असेल, तर तो अलील ३०% भरतो, शिखर स्वच्छ दिसते. ३०% पेशी असतील तर १५% भरतो, म्हणजे ग्राफच्या खडखडाटात हरवतो. टीपी५३ मध्ये बरेचदा दुसरी प्रत गळालेली असते. तसे झाले तरी ३०% गाठीत आकडा जेमतेम १८ पर्यंत जातो. त्यामुळे पॅथॉलॉजिस्टकडून एच-अँड-ई (नेहमीच्या रंगाने रंगवलेल्या) स्लाइडवर गाठीचा भाग खुणावून घ्या आणि तेवढाच भाग खरवडा. टक्का सांगताना त्यांना क्षेत्रफळ नव्हे, केंद्रके मोजायला सांगा. गालाच्या गाठीत लिम्फोसाइटची गर्दी असते, त्यांची केंद्रके लहान पण संख्येने प्रचंड. नजरेला ६०% गाठ वाटणारा भाग केंद्रकांच्या हिशेबात ३०% निघतो, आणि पीसीआर क्षेत्रफळ मोजत नाही.

सेक्शन १० मायक्रॉनचे पाच-सहा पुरेत, बायोप्सी बारीक असेल तर जास्त. हवा लागलेले वरचे दोन-तीन सेक्शन फेकून द्या. प्रत्येक ब्लॉकला नवे ब्लेड लावा, मायक्रोटोम झायलिनने पुसा, आणि दोन नमुन्यांच्या मध्ये एक रिकामा पॅराफिन ब्लॉक कापून त्याचाही डीएनए काढा. या रिकाम्या ब्लॉकमधून बँड आला तर गडबड कापण्याच्या टप्प्यावर आहे हे तिथल्या तिथे कळते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला की मेण मऊ पडून सेक्शन चुरगळतात. ब्लॉक कापण्याआधी दहा-पंधरा मिनिटे बर्फावर ठेवावा.

डीएनए काढण्याच्या क्रमात नवे काही नाही, पण चार ठिकाणी हात घाईने चालतो. एक मिलिलिटर झायलिन दोनदा, मग शुद्ध इथेनॉल दोनदा, आणि नंतर ३७ अंशांना इथेनॉलचा वास पूर्ण जाईपर्यंत सुकवणे. उरलेले इथेनॉल पुढे पीसीआर अडवते. प्रोटिनेज-के ५६ अंशांना रात्रभर. किटच्या कागदावर एक तास लिहिलेला असला तरी केराटिनचे मोती असलेली गाठ एका तासात विरघळत नाही. सकाळी नळीत कण दिसले तर आणखी १० ते २० मायक्रोलिटर एन्झाइम घालून दोन तास द्या. त्यानंतर ९० अंशांना एक तास. हा टप्पा फॉर्मेलिनने बांधलेले दुवे सोडवण्यासाठी आहे, फक्त एन्झाइम मारण्यासाठी नाही, म्हणून तो गाळू नका आणि वाढवूही नका, कारण जास्त तापवले तर डीएनए आणखी तुटतो. हीट ब्लॉक ९० दाखवतो तेव्हा नळीत खरोखर ९० आहेत का, हे एकदा थर्मामीटरने तपासा. शेवटी कॉलमवर अडकलेला डीएनए ३० मायक्रोलिटर द्रावणात उतरवून घ्या (एल्यूट करा) आणि तेच द्रावण पुन्हा एकदा कॉलममधून काढा.

आता नॅनोड्रॉप. २६०/२८० चे गुणोत्तर १.८ आले म्हणजे डीएनए चांगला, हा समज ब्लॉकच्या डीएनएला लागू नाही. हे यंत्र आरएनए, सुटे न्यूक्लिओटाइड आणि पन्नास-साठ बेसचे तुकडे सगळे एकत्रच मोजते. क्यूबिट हे दुसरे यंत्र दुपदरी डीएनए मोजते, त्यामुळे आकडा खाली येतो, कधी दहावा हिस्साही. पण ९० अंशांना तापवल्यावर थोडा डीएनए एकपदरी झालेला असतो, म्हणून क्यूबिटही अंतिम शब्द नाही. तुम्हाला हवे आहे ते ‘पीसीआर होऊ शकणाऱ्या प्रती किती’ हे. त्यासाठी बीटा-ग्लोबिन जनुकाच्या प्रायमरच्या (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणाऱ्या लहान डीएनए तुकड्यांच्या) दोन जोड्या लावा: ११० बेसचा तुकडा उचलणारी आणि २६८ बेसचा उचलणारी. दोन्ही आल्या तर ब्लॉक उत्तम. फक्त ११० आली तर लहान तुकड्यांचे प्रायमर हवेत. एकही आली नाही तर डीएनए पाचपट आणि दहापट पातळ करून पुन्हा लावा. पातळ केल्यावर बँड आला तर डीएनए ठीक आहे, त्यात अडथळा आणणारे काही शिल्लक आहे. तरीही नाही आला, तर तो ब्लॉक सोडा. यात रस्सीखेच करण्यात वर्षे जातात.

तुमचा बँड न येण्याचे सर्वांत सरळ कारण प्रायमरमध्ये असावे. जुन्या शोधनिबंधांतले प्रायमर घेतले असतील तर ते बहुधा एक्सॉन ५ आणि ६ एकत्र उचलतात. ५ वा एक्सॉन १८४ बेसचा, मधला इंट्रॉन (दोन एक्सॉनमधला भाग) ८१ चा, ६ वा ११३ चा. नुसती बेरीजच ३७८, शिवाय प्रायमरची जागा. रक्ताच्या डीएनएवर हे झकास चालते, ब्लॉकवर नाही. तिथे तुकडा १५० ते १८० च्या आत ठेवा. ७ वा एक्सॉन ११० बेसचा आणि ८ वा १३७ चा, ते एकेका तुकड्यात मावतात. ८ वा थोडा ताणूनच. ५ व्यासाठी एकमेकांवर चढणारे दोन तुकडे करावे लागतील. इतक्या लहान तुकड्यात सँगरचे सुरुवातीचे तीस-चाळीस बेस वाचता येत नाहीत, म्हणून प्रायमरला एम१३ ची शेपटी (ठरावीक क्रमाचा जादा तुकडा) जोडा आणि दोन्ही बाजूंनी वाचा. प्रायमरच्या शेवटच्या काही बेसखाली एखादे पॉलिमॉर्फिझम, म्हणजे लोकांत नेहमी आढळणारा निरुपद्रवी फरक, नाही ना, हेही बघा. असेल तर एक अलील उचललाच जात नाही आणि नमुना फसवा ‘शुद्ध’ दिसतो.

अभिक्रिया २५ मायक्रोलिटरची, हॉट-स्टार्ट एन्झाइम, ३८ ते ४० फेऱ्या, प्रत्येक ताटात डीएनएविरहित दोन नळ्या. फेऱ्या वाढवल्या की प्रदूषणही वाढून दिसते. पूर्ण झालेल्या पीसीआरच्या एका मायक्रोलिटरमध्ये अब्जावधी प्रती असतात. त्याचा दशलक्षावा भाग हवेत उडाला तरी हजारो प्रती. म्हणून जेल चालते ती खोली आणि मिश्रण बनवायची खोली वेगळी, पिपेट वेगळे, ॲप्रन वेगळा. उन्हाळ्यात जेलच्या खोलीतला कूलर मिश्रणाच्या खोलीकडे तोंड करून लावलेला असतो, हे नागपुरातल्या प्रयोगशाळांत नेहमी दिसणारे दृश्य आहे. कूलरची हवा एका बाजूने घुसते, दुसऱ्या दाराने निघते, आणि वाटेतल्या सगळ्या नळ्यांवरून जाते. पीसीआरचे मिश्रण बंद हूडमध्ये, कूलर बंद ठेवून बनवा. घाम आला तरी चालेल.

प्रत्येक नमुन्यात नवीनच म्युटेशन दिसते, या तक्रारीचे उत्तर फॉर्मेलिनमध्ये आहे. फॉर्मेलिनमुळे सायटोसिनचा अमिनो गट गळून युरॅसिल बनतो आणि पॉलिमरेज त्याला थायमिन समजते. परिणामी सी च्या जागी टी, किंवा दुसऱ्या पट्टीवर जी च्या जागी ए. तुमचे बदल याच दोन जातींचे आहेत का ते बघा. एका हॅप्लॉइड जीनोमचे (गुणसूत्रांच्या एका संचाचे) वजन ३.३ पिकोग्रॅम, म्हणजे १० नॅनोग्रॅम डीएनएत सुमारे ३,००० प्रती. ब्लॉकमधून त्यातल्या तीन टक्केच वाढू शकणाऱ्या असतील तर नव्वदच्या आसपास. इतक्या थोड्या प्रतींतून सुरुवात झाली आणि पहिल्या फेऱ्यांत एखादी खराब प्रत जोरात वाढली, की ती शेवटी २०-३०% च्या शिखरासारखी दिसते. डीएनए असेल तर ५० नॅनोग्रॅम घाला.

उपाय म्हणजे पीसीआरआधी युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज हे एन्झाइम. एक युनिट, ३७ अंशांना अर्धा तास, मग तापवून निष्क्रिय. याने युरॅसिल असलेल्या प्रती बाद होतात. उपचारानंतर बँड नाहीसा झाला तर नाराज होऊ नका; आधीचा बँड खराब प्रतींचाच होता, एवढे कळले. मात्र या एन्झाइमला एक मोठी आंधळी जागा आहे. सायटोसिनवर मिथिल गट असेल तर त्यापासून युरॅसिल नाही, थेट थायमिनच बनते, आणि थायमिन हे एन्झाइम ओळखत नाही. टीपी५३ च्या ५ ते ८ एक्सॉनमधल्या सी-जी जोड्या मिथिलित असतात, आणि १७५, २४८, २७३, २८२ हे सर्वांत नेमाने म्युटेशन होणारे कोडॉन (एका अमिनो आम्लासाठीचे तीन बेस) नेमके याच जोड्यांवर आहेत. म्हणजे जिथे खरे म्युटेशन सापडण्याची शक्यता सर्वाधिक, तिथेच खोटेही सापडते आणि एन्झाइम मदतीला येत नाही. तिथे एकच मार्ग: वेगवेगळ्या सेक्शनमधून स्वतंत्रपणे काढलेल्या डीएनएवर दोन स्वतंत्र पीसीआर, दोन्हींत तोच बदल, दोन्ही दिशांनी. एकाच पीसीआरच्या उत्पादनाचे दोनदा सीक्वेन्सिंग ही खातरजमा नव्हे. चूक झाली असेल तर दोन्ही वेळा तीच दिसेल.

नोंद करताना दोन गोष्टी सांभाळा. टीपी५३ हे १७ व्या गुणसूत्राच्या उलट पट्टीवर आहे. जनुकाच्या भाषेत सी चा टी असलेला बदल जीनोमच्या निर्देशांकात जी चा ए दिसतो, आणि प्रबंधांत हे दोन्ही मिसळलेले आढळते. कोणता ट्रान्सक्रिप्ट (जनुकाची संदर्भ धरलेली आरएनए प्रत) आणि जीनोमची कोणती आवृत्ती वापरली ते प्रत्येक तक्त्यावर लिहा. दुसरे म्हणजे ओळखीची पॉलिमॉर्फिझम. पुढे ४ था एक्सॉन घेतलात तर ७२ व्या कोडॉनला आर्जिनिन किंवा प्रोलिन दिसेल. तो लोकसंख्येत सर्रास आढळणारा फरक आहे, कर्करोगातले म्युटेशन नाही. ६ व्या एक्सॉनमध्ये २१३ व्या कोडॉनचा मूक बदलही तसाच. ३ ऱ्या इंट्रॉनमध्ये १६ बेसची पुनरावृत्ती काहींत असते, तिच्यामुळे जेलवर दोन जवळजवळचे बँड दिसतात आणि लोक प्रायमरला दोष देतात.

हे सगळे निस्तरायचे तर त्याच रुग्णाचे निरोगी डीएनए जवळ असायला हवे. ब्लॉकमधली शेजारची ‘नॉर्मल’ त्वचा यासाठी वापरू नका. वर्षानुवर्षे खर्रा दाबून ठेवलेल्या गालाची शेजारची श्लेष्मल त्वचाही बदललेली असते. स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी १९५३ सालीच हे मांडले आहे. गाठ नसलेली लिम्फ ग्रंथी ब्लॉकमध्ये असेल तर ती चालेल. पुढच्या रुग्णांसाठी २ मिलिलिटर रक्त, जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीत. हेपॅरिनची नळी नको, ते पीसीआर अडवते.

आता खर्रा. विदर्भात गालाच्या कर्करोगाच्या रुग्णांत खर्रा, तंबाखू, सुपारी काहीच न घेणारे इतके थोडे असतात की तीस नमुन्यांत तुलनेला गटच उरत नाही. ज्यांच्याशी तुलना करायची तेच नसतील तर संबंध कशाशी दाखवणार? शिवाय आकडा. म्युटेशनचे प्रमाण ५०% निघाले तरी तीस नमुन्यांवर त्याची ९५% विश्वासकक्षा ३२ ते ६८ अशी पसरते. ती दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या आत आणायला ९६ नमुने लागतात. ५% रुग्णांत असणारे म्युटेशन तीस नमुन्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता २१% आहे, म्हणून ‘आमच्या भागात हे आढळत नाही’ असे वाक्य लिहू नका.

तंबाखू चघळण्याचा रासायनिक ठसा जीनोमवर दिसतो, एसबीएस२९ या नावाने तो नोंदवलेला आहे. पण तो एका जनुकाच्या दोन-चार म्युटेशनमध्ये दिसत नाही. किमान एक्सोम (सगळ्या जनुकांचे सर्व एक्सॉन), सोबत रक्ताचा डीएनए, आणि शक्यतो ताजी ऊती लागते. कल्याणीची एनआयबीएमजी ही जीनोमिक्स संस्था आणि खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र यांच्या भारतीय प्रकल्पाने २०१३ साली गाल-हिरडीच्या कर्करोगाचा एक्सोम अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात टीपी५३, एफएटी१, कॅस्प८, एचआरएएस, नॉच१ यांच्यासोबत यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी जनुकेही पुढे आली. ते आधी नीट वाचा, म्हणजे तुमचा प्रश्न कुठे बसतो ते दिसेल.

माझे मत विचाराल तर याच ब्लॉकवर प्रश्न बदला: खर्रा खाणाऱ्यांमध्येच, सबम्युकस फायब्रोसिसच्या (तोंडाच्या आतील त्वचा ताठर होण्याच्या विकाराच्या) पार्श्वभूमीवर आलेली गाठ आणि तशी पार्श्वभूमी नसलेली गाठ, यांत टीपी५३ आणि एचआरएएस वेगळे वागतात का. तुलनेचे दोन्ही गट इथे मिळतात आणि फायब्रोसिस जुन्या स्लाइडवरही दिसतो. नमुने मात्र तीस पुरणार नाहीत. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये, दंत महाविद्यालय आणि कर्करोग रुग्णालये मिळून शंभर चांगले ब्लॉक गोळा होणे अशक्य नाही. एचआरएएसचे फक्त १२, १३ आणि ६१ हे कोडॉन बघायचे, म्हणजे दोन लहान तुकडे, खर्च मामुली. एफएटी१ च्या नादी सँगरने लागू नका, ४,५८८ अमिनो आम्लांचे ते प्रथिन आहे. सीडीकेएन२ए मध्ये अख्खे जनुकच गळालेले असते. नसलेला तुकडा सँगर दाखवत नाही, शेजारच्या निरोगी पेशींचा डीएनए वाढून सगळे ठीक वाटते. पीआयके३सीए घेतलेत तर २२ व्या गुणसूत्रावर त्याच्या ९ व्या एक्सॉनची जुळी नक्कल आहे. ५४५ व्या कोडॉनला ग्लुटामिक आम्लाच्या जागी ॲलॅनिन दिसले की आधी प्रायमरवर संशय घ्या.

सवयींची नोंद ‘तंबाखू: हो/नाही’ एवढ्यावर थांबवू नका. दिवसाला किती पुड्या, किती वर्षे, कोणत्या गालात, किती वेळ दाबून ठेवतात, रात्री झोपताना तोंडात असतो का, सोबत बिडी आहे का. जुन्या केस-पेपरमध्ये हे सहसा मिळत नाही, तेव्हा ज्यांची नोंद नाही त्यांना ‘न खाणारे’ धरण्याचा मोह टाळा.

संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी जुन्या ब्लॉकसाठीही लागते. ओळख काढून टाकलेल्या उरलेल्या नमुन्यांना आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संमतीतून सूट मागता येते. नवे रक्त घेणार असाल तर मराठी आणि हिंदी संमतिपत्र हवे. रक्तात टीपी५३ चे जन्मजात म्युटेशन सापडले तर तो त्या कुटुंबाचा प्रश्न होतो. तेव्हा कळवायचे की नाही, आणि कोण समुपदेशन करणार, हे संमतिपत्रातच ठरवा.

सुरुवात आठ ब्लॉकने करा: चार अलीकडचे, चार जुने, एकही डीकॅल नाही. त्यांवर बीटा-ग्लोबिनच्या दोन जोड्या आणि ७ वा एक्सॉन लावा. सहा चालले तर पुढे जा. चारच्या खाली राहिले तर आणखी ब्लॉक काढण्याआधी फॉर्मेलिनची चौकशी करा. बाहेर सीक्वेन्सिंगला पाठवताना शुद्ध केलेले उत्पादन पाण्यात किंवा ईडीटीए नसलेल्या ट्रिसमध्ये ठेवा, प्रायमर वेगळ्या नळीत, झाकणांना पॅराफिल्म. मे-जूनमध्ये सोमवारी किंवा मंगळवारीच कुरिअर करा, म्हणजे पाकीट रविवारी कुणाच्या गोदामात तापत पडणार नाही.